यज्ञेश्वर मास्तरांची मुकी मोटार

माणसाने नोकरी सोडावी, पण गुपचूप सोडावी. हार घालून घ्यावा, पेढा तोंडात टाकावा, 'लोभ असावा' म्हणावं आणि खाली बसावं. यज्ञेश्वर मास्तरांना हे जमलं नाही. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस, समोर फळा दिसला की हात शिवशिवायचाच. निरोपाच्या समारंभात त्यांनी खडू उचलला, एक आडवी रेघ मारली, एक उभी मारली आणि कोपऱ्यातून निघून थेट आभाळाकडे जाणारी तिसरी रेघ ओढून म्हणाले, "सज्जनहो, हे विजेच्या मोटारीचं भवितव्य!"

सज्जन म्हणजे शाळेतले मास्तर आणि दोन शिपाई. ते बिचारे पेढ्याकडे बघत बसले होते.

"मागल्या साली सोलापुरात विजेच्या मोटारी होत्या शून्य," मास्तर म्हणाले. "यंदा आहे एक. आता वाढीचं प्रमाण काढा. एकाला शून्याने भागा. उत्तर काय येतं? अनंत!"

टाळ्या पडल्या. ही जी एक मोटार होती ती खुद्द मास्तरांच्याच दारात उभी होती, आणि तीही त्यांच्या मालकीची नव्हती, हे मात्र भाषणात आलं नाही. मुंबईच्या एका कंपनीने ती नमुना म्हणून धाडली होती. अट साधी होती. एक गिऱ्हाईक मिळवून द्या, मग जिल्ह्याची एजन्सी तुमची. नाहीच मिळालं तर संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलगडली की आमचा माणूस येईल आणि गाडी घेऊन जाईल.

हेडमास्तर पोक्त गृहस्थ. जाताना त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "यज्ञेश्वर, बदली माणूस मी गड्ड्यापर्यंतच ठेवतोय. तोवर तुमची जागा तुमची. पुढे मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

"लागायची नाही हो," मास्तर हसून म्हणाले. त्या हसण्याची आठवण पुढे त्यांना अशी छळायची, की अंघोळ करता करता ते स्वतःलाच 'गाढवा' म्हणायचे.

आता गाडीविषयी. चारही बाजूंनी काचा, आत मखमलीची गादी, आणि हाकायच्या चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा; वळवायचं, चालवायचं, मागे घ्यायचं, सगळं त्यानेच. हँडल मारायला नको, धूर नाही, वास नाही, आवाज तर मुळीच नाही. गावात वीज म्हणजे गिरण्यांत आणि चार बंगल्यांत. बाकी सगळं सोलापूर कंदिलावर. मास्तर आपले ओळखीपाळखीने एका कापडगिरणीच्या इंजिनघरात गाडी नेऊन लावायचे आणि ती वीज पिऊन होईपर्यंत बाहेर दगडावर बसून शेंगा खायचे. लोक काचेतून आत डोकावत आणि विचारत, "मास्तर, देव्हारा बरा केलाय. देव कुठला बसवायचा?"

"मीच बसतोय," मास्तर म्हणत. "नैवेद्य कुणी दाखवीना, एवढीच अडचण." आपली टर दुसऱ्याने उडवायच्या आत आपणच उडवून मोकळं व्हावं, ही मास्तरांची जुनी खोड. त्याने मन हलकं होतं म्हणतात. मोटार मात्र खपत नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी एका नामांकित वकिलाला गाठलं. वकीलसाहेब गाडीत बसले, गादी दाबून पाहिली, एक चक्कर मारून आले. सगळं पसंत. "पण मास्तर, हिचा आवाज कुठाय?"

"आवाजच नाही! तीच तर खुबी."

"अहो, मग मी मोटार घेतली हे गावाला कळणार कसं?" वकीलसाहेब कळवळून म्हणाले. "फौजदारांची मोटार निघाली की पेठभर खिडक्या उघडतात. हिच्यातून मी गेलो तर कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. मग पायीच काय वाईट आहे?"

फळ्यावरच्या रेघेत हा मुद्दाच धरलेला नव्हता.

मग मोहोळकडचे बागायतदार हिंदुराव आले. मिशीला पीळ देत गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "मास्तर, हिला चारा काय लागतो?"

"वीज."

"ती कुटं पिकती?"

"गिरणीत."

"मोहोळात गिरणी न्हाय. म्हंजी गाडी माज्या दारात आली की उपाशी. परत तुमच्याच दारात चरायला आणायची व्हय?" हिंदुराव मोकळेपणी हसले. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. "गाडी लई झ्याक हाय. पर ती तुमी गिरणीपुढंच फिरवा की. तितंच तिचं माहेर दिसतंय."

घरी बायकोला, शकुंतलाबाईंना, मास्तरांनी हे सगळं रंगवून सांगितलं. वकिलाचा आवाज काढला, हिंदुरावांची मिशी पिळली. बाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "अहो, गड्डा आला जवळ. आपलं काय ते ठरवा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांना त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. शाळेत परत जाऊन त्या फळ्यापुढे उभं राहायचं, पोरांनी 'अनंत' म्हणून कुजबुजायचं, आणि हेडमास्तरांनी भलेपणाने काहीच बोलायचं नाही! नुसत्या विचाराने त्यांचे कान तापत.

आणि अशा वेळी चनबसप्पाशेठ चालत आले.

चनबसप्पा म्हणजे तेलघाण्याचे मोठे मालक. गिरणीवजा कारखाना, त्यात वीज तयार करणारा स्वतःचा डायनामो. घरात कानडी, बाजारात मराठी. माणूस सचोटीचा, पण संशयी एवढा, की देवळात घंटा वाजवली तर मागे वळून बघायचा, दुसऱ्या कुणी वाजवली तर नाही ना. पेट्रोलची मोटार त्यांच्याकडे होतीच.

"ड्रायव्हर पेट्रोल चोरतंय," शेठ आल्या आल्या म्हणाले. "शंभर टक्के चोरतंय. वीज चोरता येतंय का, मास्तर?"

"नाही अण्णा. डब्यात भरून नेता येत नाही."

"हं. आणि हिचा आवाज न्हाई म्हणतात ते खरं का?"

मास्तर खचले. आलं परत तेच. "खरं आहे," ते ओशाळून म्हणाले.

"म्हणजे मी येतोय हे कुणालाच कळत न्हाई?" शेठच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की मास्तर बघतच राहिले. अरेच्चा! ज्या गुणापायी गाव गाडीला नाक मुरडत होतं, नेमका तोच गुण ह्या माणसाला हवा होता. बाजारपेठ असते म्हणतात ती अशी कुठेतरी दबा धरून बसलेली असते आणि आपण उगाच वकिलांच्या मागे पळत असतो, असं मास्तरांना वाटलं.

दिवेलागणीला दोघे निघाले. आधी कारखान्यावर गेले. फाटकाशी रखवालदार मायाप्पा मुंडासं उशाला घेऊन ढाराढूर. गाडी त्याच्या पायाशी जाऊन थांबली तरी त्याला पत्ता नाही. शेठनी काच खाली करून नुसतं "मायाप्पा" म्हटलं, आणि तो गडी असा उडाला, की मुंडासं एकीकडे आणि तो एकीकडे. शेठ खूश! "मास्तर, ही गाडी न्हाई, हे सीआयडी हाय! आता घरी चला. बघू तरी, मी नसताना काय चाललंय."

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या बोळात गाडी शिरली आणि सोप्याच्या खिडकीखाली भिंतीला लागून उभी राहिली. खिडकीला लाकडी गज, आत कंदील. आणि आतून हसू ऐकू येत होतं. चार-पाच बायकांचं, पोट धरून, श्वास न पुरणारं हसू.

शेठ चमकले. कुणाच्या घरासमोर आलो, असं त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं. घर त्यांचंच होतं.

आत त्यांची आई शिवम्मा मधोमध उभी होती. ऐंशीच्या घरातली म्हातारी. डोक्यावर लेकाचा रुमाल बांधलेला, हातात लेकाची काठी. ती दारातून आत येत होती, नाक वर करून हवा हुंगत होती, एक खणखणीत खोकला काढत होती आणि घोगऱ्या आवाजात विचारत होती, "यारु बंदिद्रु? कोण आलं होतं? दार का उघडं? दोन दिवे कशाला?" आणि दर प्रश्नाला शेठच्या सुना एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. शेठची बायको नागव्वा डोळे पुसत सासूला म्हणत होती, "अत्ती, परत एकदा! तो खोकला परत एकदा!"

आता हा माणूस ओरडणार, घरात आकांत होणार, आणि त्याला कारण कोण? तर आपली मुकी मोटार! त्यांनी चोरून बाजूला पाहिलं. शेठ ओरडले नाहीत. चेहरा दगडासारखा. ते हळूच म्हणाले, "मास्तर, मागं घ्या."

गाडी आली तशी मागे सरकली. बोळाच्या तोंडाशी आल्यावर शेठ म्हणाले, "आता हॉर्न वाजवा. जोरात."

मास्तरांनी रबरी हॉर्न दाबला. घरातलं हसू दिवा फुंकावा तसं बंद झालं. दोघे आत गेले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. सुना चुलीपाशी, नागव्वा धान्याच्या सुपापाशी, आणि शिवम्मा भिंतीला टेकून डोळे मिटून लिंगपूजेला बसलेली. रुमाल खुंटीवर.

"कोण आलं होतं?" शेठ सवयीने बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. म्हातारीने डोळे उघडले नाहीत, पण तिचे ओठ घट्ट मिटले गेलेले मास्तरांना दिसले.

बाहेर आल्यावर मास्तरांनी अपराध्यासारखं विचारलं, "अण्णा, गाडीचं मग..."

"विचार करतो. शनिवारी परत या."

शनिवारी मास्तर गेले. कारखान्याचं शेठनी नावही काढलं नाही. थेट बोळ, थेट खिडकी. पुढच्या शनिवारीही तेच. मग तो परिपाठच पडला. काचेच्या त्या देव्हाऱ्यात दोन बाप्ये अंग चोरून बसलेले, आणि आत बायकांचा दरबार भरलेला! धाकटी सून गाते, हे शेठना तिथे कळलं. तीस वर्षांत ज्या नागव्वाने त्यांच्याशी 'वाढू का' आणि 'हूं' यापलीकडे बोलणं केलं नव्हतं, ती गोष्ट सांगायला लागली की चुलीवरचं उतू जायचं तरी कुणी उठायचं नाही, हेही तिथेच कळलं. शेवटी न चुकता शिवम्माचा खेळ. रुमाल, काठी, नाक, खोकला.

एकदा शेठनी उपरण्याने डोळे पुसले. "धूळ लई हाय," म्हणाले. गाडीच्या सगळ्या काचा बंद होत्या. मग त्यांनाही ते कळलं असावं. "मास्तर," ते म्हणाले, "आई माझ्यासमोर अशी कधी हसली, मला आठवत न्हाई. मी लहान असताना हसायची. मग मीच कधीतरी मोठा झालो."

मास्तरांना गलबलून आलं. पण खोटं कशाला बोला, त्या गलबलण्यातही मनात एक कारकून बसून विचारतच होता, 'घेतायत का नाही? गड्डा उद्यावर आला!' मास्तरांना स्वतःची शरम वाटली. माणसाचं काळीज समोर उघडं पडलंय आणि आपण त्यात एजन्सी शोधतोय. तरी घरी गेल्यावर ते शकुंतलाबाईंना सांगायचेच, "गिऱ्हाईक पिकत आलंय."

गड्डा भरला आणि उलगडला. पाळणे उतरले. मुंबईचा माणूस सोमवारी येणार होता, आणि सोमवारीच हेडमास्तरांनी ठेवलेली मुदतही संपत होती. त्याआधीच्या शनिवारी मास्तर गाडी घेऊन गेले. शेठ गाडीत बसले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "ठरवलं. गाडी घेतो. तुमचा माणूस आला की आणा त्याला."

मास्तरांना दांडा हातातून सुटतोय असं वाटलं. एजन्सी! अख्खा जिल्हा! ती तिसरी रेघ खरंच आभाळाला टेकली! "अण्णा, उपकार झाले," एवढंच त्यांना बोलता आलं.

"उपकार कसले? आठवड्यातून एकदा पुरत न्हाई आता. गाडी आपली झाली की रोज येऊन बसतो."

मास्तर हसले. पण बोळात वळताना ते हसू कुठेतरी अडकलं. रोज? स्वतःच्या घराबाहेर, स्वतःच्या खिडकीखाली, रोज हा माणूस असा अंधारात बसणार? बसेना का. आपल्याला काय करायचंय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आपण एजंट. एजंटाने गाडी विकावी.

खिडकीत खेळ रंगात आला होता. आज शिवम्माने नवीन प्रवेश घेतला होता. शेठ मोटारीत कसे चढतात. पाट म्हणजे मोटारीची पायरी. म्हातारीने धोतर सावरल्याचा आव आणला, पाटावर पाय ठेवला, ड्रायव्हरकडे बघून संशयाने नाक फेंदारलं आणि खोकली.

"तसं न्हाई अत्ती," नागव्वा आतून म्हणाली. "आधी डबा हुंगतात. मग खोकला."

"डबा कुठंय? आण तो डबा!"

कुणीतरी तेलाचा डबा आणला. ऐंशीच्या म्हातारीने त्यात नाक खुपसलं, आणि बाहेर काढलं तेव्हा नाकाच्या शेंड्याला काळं लागलं होतं. ते तिला माहीत नव्हतं. तशाच काळ्या नाकाने तिने दरडावून विचारलं, "ड्रायव्हर, किती पिलास?"

आणि चनबसप्पाशेठ फुटले. त्यांनी तोंडावर हात दाबला, उपरणं कोंबलं, काही उपयोग झाला नाही. खाकरत, ठसकत, शिंकत, असं काही गदगदून हसले, की काचा हलल्या. हॉर्न सोडला तर विजेच्या मोटारीने सोलापुरात केलेला तो पहिला आवाज.

आत कुणाचं तरी भांडं खाली पडलं. कंदिलाचा उजेड हलला आणि गजांपाशी रुमाल बांधलेलं, काळ्या नाकाचं एक डोकं आलं.

"चन्ना?" म्हातारी अंधारात डोळे ताणत म्हणाली.

अंग चोरून शेठ गादीत आणखी खाली सरकले. चोरीचे आंबे उपरण्यात सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"चन्ना, तूच का रे? बाहेर कशाला बसलायस? ओळग बा. आत ये."

आयुष्यभर सगळ्यांना प्रश्न विचारणारा तो माणूस मास्तरांकडे वळला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मास्तर, काय करू?"

मास्तरांचा हात दांड्यावर होता. नुसता मागे ओढायचा अवकाश. गाडी आवाज न करता निघून गेली असती. म्हातारीला भास वाटला असता. घरात पुन्हा हसू सुरू झालं असतं, आणि उद्यापासून शेठ रोज येऊन बसले असते. गाडी खपली होती. शब्द मिळाला होता. सोमवारी शाळेत जायची गरज नव्हती. सगळं त्या दांड्यापाशी येऊन थांबलं होतं.

'यज्ञेश्वरा,' मास्तर मनात म्हणाले, 'तुझ्यासारखा करंटा एजंट ह्या कंपनीला परत मिळायचा नाही.' त्यांनी दांडा सोडला, शेठच्या अंगावरून हात नेला आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा अण्णा. आई बोलावतेय."

"पण गाडी..."

"गाडीचं राहू द्या. आत गेलात की तुम्हाला ती लागायची नाही. उतरा, म्हातारी उभी आहे केव्हाची."

शेठ उतरले. दारापाशी थबकले, जोडा काढला, परत घातला, परत काढला. आत गेले. मास्तरांना वाटलं, आता सगळ्या पुन्हा चुलीपाशी पळणार. एका सुनेची बांगडी वाजलीही. पण शिवम्माचा आवाज आला, ठणठणीत. "थांबा गं, कुठं पळता? चन्ना, बरा आलास. मला तो खोकला नीट जमत न्हाई. तू काढून दाखव."

मास्तर काचेला कान लावून बसले.

मग एक खोकला आला. अस्सल. त्यामागून घोगरा आवाज. "यारु बंदिद्रु? कोण आलं होतं?" आणि एका क्षणानंतर सगळं घर असं हसत सुटलं, की शेजारच्या माडीवरच्या खिडक्या उघडल्या.

गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने गाडीतून खाली उतरवणारा एजंट काचेच्या कपाटात एकटाच बसून राहिला. सोलापुरातली विजेच्या मोटारीची बाजारपेठ नुकतीच जोडा काढून घरात गेली होती. सोमवारी शाळा, फळा, पोरांची कुजबुज, हे सगळं ठरलेलंच होतं आणि आश्चर्य म्हणजे कान तापत नव्हते. आता निघावं, शकुंतला वाट बघत असेल, असं मास्तरांनी दोनदा ठरवलं. पण आत शेठ दुसऱ्यांदा खोकून दाखवत होते, आई त्यांना 'नाक वर कर, नाक' म्हणून शिकवत होती, आणि मास्तरांच्याने काही केल्या दांडा ओढवेना.